तिचं डोकं थंड कसं ठेवायचं?

गाडी म्हातारी, ऊन विदर्भाचं आणि स्टिअरिंगवर बाबा. बेल्टवरचा पंखा काढून विजेवरचा बसवला, त्याची ही घामाघूम गोष्ट.

मे महिन्यातली दुपार. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. एसी नसलेल्या गाडीत तुम्ही इस्त्रीचा सिल्कचा कुर्ता घालून बसलाय. कल्पना केलीत? आता त्यात बॉनेटमधून येणारी वाफ मिसळा. झालं! २०१२ साली आम्ही मामेबहिणीच्या लग्नाला निघालो, ते हे असं.

गाडी म्हणजे बाबांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी. क्रीम कलर, स्टिअरिंगला लागून गिअर, मागच्या काचेत आईनं विणलेलं कव्हर. अकोल्याहून वाशीमला जायचं, अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर. लग्न गोरज मुहूर्तावर. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर आहेराची पिशवी, पायाशी लाडवांचा डबा. “एसटीनं जाऊ,” असं मी पुण्याहून आल्या आल्या म्हटलं होतं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना रांगत जायला सांगतोय.

पातूरपर्यंत सगळं ठीक. मग घाट. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा चौपदरी नव्हता. पुढे ऊस भरल्यासारखे दमलेले ट्रक, ओव्हरटेक करायला जागा नाही, दोन्ही बाजूंना पानं झडलेले साग. सावली शून्य. सेकंड गिअर, फर्स्ट गिअर, पुन्हा सेकंड. टेंपरेचरचा काटा हळूहळू उजवीकडे सरकत होता आणि आम्ही तिघंही तो दिसत नसल्यासारखं वागत होतो. मेडशी गाव आलं आणि बॉनेटच्या फटीतून वाफेनं डोकं वर काढलं.

गाडी बाजूला घेतली. मी इंजिनिअर, त्यातून पुण्याच्या आयटी कंपनीत. म्हणजे सगळं येतं! रुमाल काढला आणि रेडिएटरचं झाकण फिरवायला गेलो. समोरच्या पत्र्याच्या गॅरेजमधून कुणीतरी ओरडलं, “ओ भाऊ, हात नका लावू झाकनाले!”

उशीर झाला होता. झाकण अर्धंच फिरलं होतं, पण उकळत्या पाण्याची चिळकांडी मनगटावर आली. तो डाग आजही आहे. बंद रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलंत की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात उसळतं. हे मी बारावीत शिकलो होतो. परीक्षेत पूर्ण मार्क होते.

मिस्त्रीचा एक सवाल

मिस्त्री पन्नाशीचा असेल. आधी माझा हात पाण्याखाली धरायला लावला, मग काही न करता बिडी पेटवली. बाबांचा जीव खालीवर होत होता. “अहो, पाणी टाका ना त्यात!”

“काका, थंड होऊ द्या. तापल्या इंजिनात गार पानी टाकलं तं तडकते ते,” असं म्हणून त्यानं जो प्रश्न विचारला, त्यासाठी खरं तर हा सगळा लेख लिहिलाय. “गाडी उभी असल्यावर तापते का पळताना तापते?”

मला तेव्हा हा प्रश्न टाइमपास वाटला होता. नाही बॉस, सगळं निदान या एका प्रश्नात आहे.

पंखा करतो काय, ते आधी बघू. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला कामी येतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो. उरलेला इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. ते तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून फिरतं आणि नळ्यांमधून जाणारी हवा त्याला थंड करते. गाडी साठ-सत्तरच्या वेगानं पळत असेल तर समोरून येणारा वारा एवढा असतो की पंख्याची गरजच नाही. गरज लागते ती गाडी उभी असताना किंवा रांगताना.

आता जुन्या गाड्यांची गंमत पाहा. पद्मिनीत पंखा असतो वॉटर पंपाच्या तोंडावर, आणि तो फिरतो इंजिनाच्या बेल्टवर. म्हणजे इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन सुस्त तर पंखा सुस्त. सिग्नलला गाडी उभी, आरपीएम सातशे-आठशे, वाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, आणि पंखा मात्र पेंगतोय! तिकडे हायवेवर वारा फुकट मिळतोय, तर हा पठ्ठ्या जिवाच्या आकांतानं गरगरतोय. आपल्या ऑफिसातही असे दोघे-तिघे असतात. सगळं निवांत असताना धावपळ, आणि डेडलाइनच्या दिवशी जागेवर नाहीत.

आणि ही गरगर फुकट नसते. पंख्याचा वेग दुप्पट झाला की तो फिरवायला लागणारी ताकद आठपट होते. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसएक घोडे. त्यातलाही वाटा वारा घालायला द्यायचा म्हणजे जरा महागच.

म्हणून मिस्त्रीचा प्रश्न. उभी असताना तापते आणि पळताना थंड होते? मग हवेचा, म्हणजे पंख्याचा घोळ. पळताना, चढावर, भार असताना तापते? मग हवा मिळतेय, पण पाणी नीट फिरत नाहीये. रेडिएटर तुंबलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंप दमलेला.

“दोन्ही वेळेला तापते,” बाबा पडेल आवाजात म्हणाले. बहुतेक ते पहिल्यांदाच कबूल करत होते.

चुना आणि अक्षता

पाऊण तासानं झाकण उघडलं. मिस्त्रीनं बोट आत घालून बाहेर काढलं, तर नखावर पांढरी पूड. “हे पाहा, चुना. कोनतं पानी टाकता काका?”

कोणतं म्हणजे काय, घरचं! अकोल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पूर्णा नदीचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचं, हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि वीस-बावीस वर्षं तेच पाणी आम्ही या बिचारीला पाजत होतो. केटलीच्या तळाला जसा थर बसतो, तसा तो रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसला होता.

मला राहवेना. पुण्यातल्या रूममेटनं आधीच डोक्यात भरवलं होतं की फियाटला मारुतीचा इलेक्ट्रिक पंखा बसवला की सगळे प्रॉब्लेम सॉल्व्ह. मी ते ज्ञान तिथेच पाजळलं. मिस्त्री हसला. “बसवा ना. पन मंग बसवा. घरात कचरा भरून ठेवला अन् पंखा लावला, तं काय होईन? कचरा उडन.”

त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. बेल्ट बोटानं दाबला, तर तो दीड-दोन इंच आत गेला. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत. म्हणजे पुली फिरत होती, पण बेल्ट घसरत होता. एकाच बेल्टवर तीन जण लटकलेले असतात: पंखा, वॉटर पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. बेल्ट गेला की तिघंही गेले. उद्या तुम्ही विजेचा पंखा बसवलात तरी पंप आणि अल्टरनेटर त्या बेल्टवरच राहणार. “पंखा बदलला म्हणजे बेल्टची कटकट संपली,” असं कुणी म्हणालं तर गोड हसा आणि डिकीत एक जादा बेल्ट ठेवा.

बेल्ट ताणून, पाणी भरून, तीस-चाळीसच्या वेगानं आम्ही वाशीमला पोचलो तेव्हा मांडवात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. आईच्या एकुलत्या एका भाचीवर तिला अक्षता टाकता आल्या नाहीत. ती काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर, तेही रात्री गारव्यात, बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. पातूर गेल्यावर म्हणाले, “विकून टाकू.”

त्यानंतर पाच महिने त्यांनी गाडी काढली नाही. पद्मिनी दारात ताडपत्रीखाली. बाबा रिक्षानं.

दिवाळीचा प्रोजेक्ट

दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवून कामाला लागलो. आधी मिस्त्रीचा सल्ला. रेडिएटर उतरवून अकोल्यातल्या रेडिएटरवाल्याकडे दिला. त्यानं वरची-खालची टाकी उघडून एकेका नळीतून सळई फिरवली. जो गाळ निघाला तो मी कागदात बांधून घरी आणला आणि बाबांना दाखवला. (आईनं तो कागद फराळाच्या टेबलावर पाहिला. पुढचं सांगत नाही.) पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरलं, नवा थर्मोस्टॅट, नवा बेल्ट. घाटापर्यंत चक्कर मारली. काटा मध्याच्या पुढे जाईना! पण रेल्वे फाटकाला दहा मिनिटं उभे राहिलो आणि तो पुन्हा सरकायला लागला. म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, आता उरला होता तो खराच पंख्याचा. इथून पुढे मला तो बदलण्याचा हक्क होता.

पंखा मी पुण्याहून येतानाच आणला होता. मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारची सकाळ, मारुती ८०० चा काढलेला पंखा, घासाघीस करून सातशे रुपये. मारुती ८०० का? १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली, तेव्हा तिचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलेलं होतं. इंजिनाची बेल्टची बाजू चाकाकडे, रेडिएटर समोर. बेल्टनं पंखा फिरवणार कसा? म्हणून तिला पहिल्यापासून विजेचा पंखा. तिच्या मागोमाग ज्या छोट्या गाड्या आल्या, त्या बहुतेक तशाच. तुम्ही आज ईएमआयवर घेतलेली हॅचबॅकही त्यातलीच.

बसवायला दोन तास लागतील असं वाटलं होतं. चार दिवस गेले.

पहिली चूक, जुना पंखा काढला आणि तेच बोल्ट परत लावले. पंख्याची जाडी गेली, त्यामुळे बोल्ट लांब पडले, तळाला टेकले आणि पंपाची पुली सैलच राहिली. नशीब, इंजिन सुरू करताच खडखडाट झाला. आखूड बोल्ट आणले.

दुसरी चूक शेजारच्या दादाची. प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून ओवून पंखा बांधू म्हणाला. चित्र छान दिसतं, पण गाडीच्या कंपनानं त्या पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि एक दिवस भोक पडतं. पंखा रेडिएटरच्या चौकटीला पत्र्याच्या पट्ट्या मारून बसवायचा. आणि त्याच्याभोवतीचं गोल कवच, म्हणजे श्राउड, फेकून द्यायचं नाही. ते नसेल तर पंखा फक्त आपल्या समोरच्या गोलातलीच हवा ओढतो, कोपरे तसेच गरम राहतात.

तिसरी चूक अस्सल माझी. बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या एका साध्या बटणापर्यंत वायर नेली आणि तिथून पंख्याला. बटण दाबलं, पंखा फिरला, टाळ्या! दहा मिनिटांत जळका वास. असा पंखा आठ-दहा अँपिअर खातो, सुरू होताना त्याहून बराच जास्त. दोन्ही हेडलाइट लावण्याइतकं ते काम आहे. पंधरा रुपयांच्या बटणाचा तेवढा जीव नसतो. इथे पाहिजे रिले. म्हणजे बटणानं फक्त हुकूम द्यायचा, जड करंट रिलेतून जाणार. बॅटरीपाशीच २० अँपिअरचा फ्यूज, जाड वायर, आणि रिलेला हुकूम देणारी वायर इग्निशनमधून, म्हणजे किल्ली काढली की पंखा बंद. आमच्या गाडीला आधीच्या एका दुरुस्तीत अल्टरनेटर लागला होता म्हणून निभावलं. तुमच्या गाडीत जुना डायनामो असेल तर हा पंखा बसवूच नका. तो मंद इंजिनावर जवळजवळ काही देत नाही, आणि सिग्नलवर नेमका तेव्हाच तुम्ही त्याच्याकडे मागणार.

चौथी चूक कुणाची ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. वायरी जोडल्या आणि शिकवल्याप्रमाणे वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर धरलं. पंखा रेडिएटरच्या मागे असतो, त्यानं हवा आत ओढायची, म्हणजे पान जाळीला चिकटायला हवं. आमचं पान उडालं आणि आईच्या रांगोळीवर जाऊन पडलं. प्लस-मायनसची अदलाबदल झाली होती, पंखा उलटा फिरत होता! असा पंखा घेऊन हायवेला लागलात तर समोरून येणाऱ्या वाऱ्याशी तो कुस्ती खेळणार. वायरी बदलल्या. पान चिकटलं. आई हसली. मेडशीनंतर गाडीच्या विषयावर हसलेली तिला पहिल्यांदाच पाहिलं.

बटण की बुद्धी?

बटणावर पंखा ठेवावा का? माझं मत, एकट्या बटणावर कधीच नाही. आपण गप्पा मारतो, फोन बघतो, विसरतो. म्हणून थर्मोस्विच. रेडिएटरवाल्यानं वरच्या टाकीला एक पितळी नट जोडून दिला, त्यात स्विच बसला. पाणी ९२ अंशांच्या आसपास गेलं की पंखा लागतो, ८७ पर्यंत उतरलं की बंद. इथे एक मेख आहे. थर्मोस्टॅट ८२ ला उघडणारा असेल आणि पंख्याचा स्विच तुम्ही ८० चा आणलात, तर पंखा दिवसभर थांबणारच नाही. पंख्याचा आकडा नेहमी थर्मोस्टॅटच्या वर. बटण मात्र ठेवलंय, जोडीला, स्विच दगा देईल त्या दिवसासाठी. आणि डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा. पंखा लागला की तो लागतो. दिव्याची आयडिया बाबांची.

सगळा खर्च, रेडिएटर धरून, तीन हजारांच्या आत.

फरक काय पडला? सकाळी इंजिन लवकर तापतं, चोक लवकर सोडता येतो. हायवेवरचा तो पंख्याचा घूं घूं आवाज गेला, शेजारच्याशी न ओरडता बोलता येतं. चढावर गाडी किंचित मोकळी वाटते. मायलेज? वाढलं असेल थोडंफार, पण तेवढं टायरमध्ये नीट हवा भरूनही वाढतं. मायलेजसाठी कुणी हा उद्योग करू नये.

आणि सगळ्याच गाड्यांना करू नये. सुमोसारख्या लांब बॉनेटच्या डिझेल गाड्यांत पंखा बेल्टवरच असतो, पण मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरची हवा तापली की तो पंख्याला घट्ट पकडतो, गार झाली की सैल सोडतो. माणसं भरून घाट चढणाऱ्या गाडीला तो जेवढी हवा देतो, तेवढी हवा जुन्या बाजारातला छोटा पंखा देणार नाही. तिथला क्लच बिघडला असेल तर क्लच बदला.

ज्यांच्या गाडीत पंखा आधीच विजेचा आहे, त्यांनीही निर्धास्त राहू नये. मोटर, रिले, फ्यूज, स्विच, यातलं काहीही एक दिवस मरतं आणि कळतं ते ट्रॅफिक जॅममध्ये. रविवारी गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा, एसी बंद, काटा बघत बसा. पंखा लागल्याचा आवाज आला पाहिजे. नाही आला तर सोमवारी गॅरेज. आणि जॅममध्येच काटा चढला तर? एसी बंद, खिडक्या खाली, आणि हीटर फुल्ल! हो, मे महिन्यात. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता तुमच्या अंगावर घेतो. गाडी वाचते, मेकअप नाही. तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला, इंजिन बंद. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बॉनेटखाली बोटं, ओढणी, टाय काहीच लोंबू देऊ नका. आणि झाकणाचं मी सांगितलंच आहे. मनगट दाखवू?

कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होणं २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी बाबांनी टीव्हीवरची बातमी दोनदा पाहिली, मग बाहेर जाऊन ताडपत्री काढली आणि गाडी पुसली.

पुसून ते तसेच भाजी आणायला निघाले. ताडपत्री आता फक्त पावसाळ्यात लागते. मधल्या काळात पंख्याची मोटर एकदा बदलली, थर्मोस्विच दोनदा.

मागच्या हिवाळ्यात त्याच मामेबहिणीच्या मुलाची मुंज होती. पुन्हा वाशीम, पुन्हा गोतावळा. अकोला-वाशीम रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. घाट कधी आला आणि गेला कळलंही नाही. तरी मेडशीला बाबांनी इंडिकेटर दिला. पत्र्याचं गॅरेज होतं तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान दिसलं. चौकशी केली, तर मिस्त्री मुलाकडे राहायला गेला म्हणे. आम्ही शेजारी चहा घेतला. बाबांनी इंजिन बंद केलं नाही.

“अहो, पेट्रोल जळतंय,” आई म्हणाली.

“थांब गं.”

हिवाळ्यात वेळ लागतो. चहा संपला, दुसरा मागवला. चहावाल्याचा पोरगा कुतूहलानं गाडीभोवती फिरत होता. शेवटी बॉनेटखालून घर्र आवाज आला, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, आणि बाबांनी त्या पोराला हाताला धरून खिडकीपाशी आणलं. “हे बघ. आपोआप लागतो.”

मुंजीला आम्ही तासभर आधी पोचलो. अक्षता वाटायचं काम आईनं मागून घेतलं.